मोका पॉटची कॉफी कडूच होतेय, नक्की काय चुकतंय?

सांगलीची सून:
नमस्कार मंडळी. आम्ही विश्रामबागेत राहतो. घरात सकाळी चहा, दुपारी चहा. कॉफी म्हणजे सासूबाईंची, दुधात साखर आणि जायफळ घालून उकळलेली, तीही उपासाला किंवा कुणाला कणकण आली तर. दिवाळीत भावाने पुण्याहून मला तीन कपांचा मोका पॉट (गॅसवर ठेवायचा) आणि एक फ्रेंच प्रेस (दट्ट्याने पूड खाली दाबायची तो) आणून दिला. दोन महिने रोज करतेय, जमत नाहीये.

मोकात माझी पद्धत अशी: खाली माठातलं पाणी, मधल्या गाळणीत फिल्टर कॉफीची चिकोरीवाली (चिकोरी म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची भुकटी) पूड चमच्याने दाबून शिगोशीग, मोठा गॅस. फसफस पूर्ण थांबेपर्यंत उतरवत नाही, कॉफी वाया जाऊ नये म्हणून. येते ती काळीकुट्ट आणि करपल्यासारखी. म्हशीचं दूध घातलं की चव जाते, कडूपणा मात्र राहतो. प्रेसमध्ये त्याच पुडीची गढूळ होते, कपाच्या तळाशी चिखल. सासूबाई रोज एक घोट घेऊन बघतात. त्यांना ती आवडावी असं मला फार वाटतं. ग्राइंडर घेऊ का?

माची पेठ, सातारा:
ताई, ग्राइंडर आत्ता घेऊ नका. आधी पूड बदला. बाजारातली फिल्टरची पूड बरीच बारीक असते, आणि त्यात चिकोरी. चिकोरी पाणी धरून ठेवते, फिल्टरमध्ये थेंब सावकाश पडावेत म्हणून ती छान. मोकात तिने वाटच अडते.

मोका कसा चालतो ते डोळ्यांसमोर आणा. खालच्या भांड्यात वाफ कोंडते आणि ती पाण्याला नळीतून वर, पुडीतून ढकलते. पाणी थंड भरलं तर ते तापेपर्यंत मधली पूड कोरडीच भाजत बसते. करपल्याची चव तिथून येते. मी पाणी वेगळं उकळतो आणि मग भरतो, बाजूला जी छोटी झडप आहे तिच्या खालपर्यंतच. भांडं फडक्यात धरून आवळायचं. पूड भरून वरून बोटाने सपाट करायची, दाबायची अजिबात नाही. लहान बर्नर, बारीक आच, झाकण उघडं. आधी काकवीसारखी गडद धार येईल, मग ती मधाच्या रंगाची होईल. पिवळी पडून फसफसायला लागली की तिथेच उतरवा आणि बूड नळाखाली धरा. त्यापुढे जे येतं ते कॉफी म्हणून घेऊच नका. तुमचा निम्मा कडूपणा त्या शेवटच्या फसफशीत आहे.

आणखी एक. हे भांडं १९३३ साली इटलीत अल्फोन्सो बियालेत्ती यांनी आणलं. लोक त्याला घरगुती एस्प्रेसो म्हणतात, पण एस्प्रेसो यंत्रात ९ बारच्या आसपास दाब असतो आणि यात जेमतेम एक-दोन. तसा फेस येणार नाही, त्याची वाट बघू नका. ॲल्युमिनियमचं असेल तर चिंच, लिंबू, तारेची घासणी लावू नका. गरम पाण्याने धुवा, कोरडं करा, उघडं ठेवा.

प्रेसला जाड रव्याएवढी भरड हवी. १८ ग्रॅम पूड, २७० मिली पाणी, चार मिनिटं, मग दट्ट्या सावकाश खाली. मोकाला बारीक रव्याहून थोडी बारीक, साधारण मिठाएवढी. पाणी फार गरम झालं तर कॉफी पोळते असं सगळीकडे वाचाल आणि थर्मामीटर घ्यायला निघाल. आपल्याकडे त्याची गरज नाही. साताऱ्यात पाणी ९७-९८ अंशांना उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ लाच. प्रेससाठी उकळी आल्यावर अर्धं मिनिट थांबून ओतलं की झालं.

आता मनातलं सांगतो. मी बँकेतून निवृत्त झालो. नव्वदच्या दशकात चार वर्षं चिकमगळूरला बदलीवर होतो. बाबा बुडन या सूफी संतांनी येमेनहून सात बिया आणून जिथे लावल्या असं सांगतात, तो डोंगर तिथलाच. आमच्या घरमालकीणबाई, त्यांना आम्ही अज्जी म्हणायचो, रात्री जेवणं उरकली की फिल्टर लावायच्या. वरच्या भांड्यात तीन मोठे चमचे पूड, वरची छत्री, म्हणजे दांडीवाली भोकांची चकती, अलगद टेकवायची, मग उकळतं पाणी आधी फक्त दोन चमचे. पूड फुगली की बाकीचं, कडेकडेने. झाकण. सकाळपर्यंत खाली डिकॉक्शन तयार. घाई झालेल्या दिवशी मी वरून चमच्याने दाबलं होतं, तर त्यांनी माझा हात धरला. ‘त्याला त्याच्या पायाने खाली येऊ दे’ म्हणाल्या. दुसरं म्हणजे डिकॉक्शन कधी उकळायचं नाही. उकळायचं ते दूध, डिकॉक्शन नंतर त्यात. अठ्ठावीस वर्षं झाली, अजून तसंच करतो.

तुमच्या घरात दूध आणि जायफळ आहे म्हणून सांगतो, मोका आणि प्रेसपेक्षा साधा स्टीलचा फिल्टर तुम्हाला जास्त साथ देईल. आणि सासूबाईंची जायफळाची कॉफी मागे टाकू नका, तीही एक पद्धतच आहे. त्यांना दूध त्यांच्या हाताने करू द्या, तुम्ही फक्त डिकॉक्शन द्या.

मिरज जंक्शन:
काकांनी सगळं सांगितलं, मी दुधाचं आणि बियांचं बोलतो. म्हशीच्या दुधात स्निग्धांश ६-७ टक्के, गाईच्या दुधात साधारण साडेतीन-चार. हलकी कॉफी म्हशीच्या दुधात बुडून जाते. एक तर साय काढून दूध घ्या किंवा दूध कमी करा, मोकाच्या एका भागाला दूध दीड भागच.

बियांसाठी आम्हाला बंगळूरची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस आहे. मेव्हणा बंगळूरहून येताना अर्धा किलो आणतो. तिथे दुकानात प्लांटेशन म्हणजे धुतलेली अरेबिका, चेरी म्हणजे फळासकट वाळवलेली. दुधात प्यायची तर थोडी रोबस्टा, म्हणजे कॉफीचीच दुसरी, कडक जात, मिसळून घ्या, दुधासमोर टिकते. तिच्यात कॅफिन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट, त्यामुळे सासूबाईंना संध्याकाळी देऊ नका. भाजल्याची तारीख विचारा आणि पावसाळ्यात एका वेळी पाव किलोवर आणू नका.

कराडकर:
मिक्सरवर दळू नका एवढंच सांगेन. अर्धी पूड पिठासारखी, अर्धी खड्यासारखी होते आणि भांडं तापतं. मी तीन वर्षं तशीच प्यायलो आणि हाताने फिरवायचा ग्राइंडर आल्यावर फरक कळला.

माची पेठ, सातारा:
कराडकर, ग्राइंडरने फरक पडतो हे खरंच. पण ताईंना आधी कळू दे की चूक कुठे होती. मिक्सरचं छोटं भांडं घ्या, आधी मूठभर कोरडे तांदूळ फिरवून टाकून द्या, मसाल्याचा वास जातो. मग बिया तीन-चार सेकंद फिरवून थांबायचं, भांडं हलवायचं, परत. शेवटी पिठाच्या चाळणीने चाळा. वर राहील ते प्रेसला, खाली पडेल ते फिल्टरला. प्रेसमधला चिखल यानेच जातो. वाया काही जात नाही.

सांगलीची सून:
तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. बिया मागवल्या, तांदूळ फिरवले, चाळलं. प्रेसची कॉफी आता स्वच्छ येते. ती मी दुपारी एकटी बिनदुधाची पिते आणि पहिल्यांदाच कळलं की कॉफीला किंचित आंबट चवही असते. मोका गरम पाण्याने, पिवळी धार आली की उतरवून. पहिल्याच दिवशी करपल्याची चव गेली. आधीपेक्षा अर्धा कप कमी येते, पण प्यायला येते.

रविवारी काकांनी सांगितलं तसं केलं. सासूबाईंनी दूध तापवलं, साय बाजूला काढली, जायफळ किसलं, साखर नेहमीच्या निम्मी. मी मोकातली कॉफी वरून ओतली. त्यांनी कप संपवला आणि ‘उद्या मला उठव, मला ते भांडं लावायचंय’ म्हणाल्या. आता फिल्टर घ्यायचा आहे. त्या पितळेचा घेऊ म्हणतात, त्यांच्या माहेरी पितळेचीच भांडी होती. काय करू?

माची पेठ, सातारा:
त्यांच्या मनासारखं करा. फक्त आतून कल्हई नीट आहे ना ते बघून घ्या आणि डिकॉक्शन त्यात दिवसभर ठेवू नका, सकाळी उतरलं की काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढा. नव्या फिल्टरची पहिली दोन डिकॉक्शनं टाकून द्यायची, धातूचा वास जातो. तळाची भोकं दर आठवड्याला उजेडासमोर धरून बघा. बुजली असतील तर सुईने एकेक मोकळं करा.