बुलबुल आणि वटवाघूळ: बीजप्रसारात सरस कोण?

प्रश्न: आमच्या परसातील उंबरावर दिवसा लालबुड्या बुलबुल आणि रात्री आखूड नाकाची लहान वटवाघळे येतात. दोघांचे वजन जवळपास सारखे, साधारण चाळीस-पन्नास ग्रॅम, आणि खाणेही एकच. मग रान वाढवण्यात त्यांच्या कामात फरक तो काय?

उत्तर १: फरक विष्ठेच्या जागेत आहे. बुलबुल छोटी फळे गिळून फांदीवर किंवा तारेवर बसून विष्ठा टाकतो, त्यामुळे बिया बहुधा झाडाझुडपांखालीच पडतात. वटवाघूळ मात्र उडतानाही विष्ठा टाकत असल्याने उंबरासारख्या बारीक बिया उघड्या माळावरही पोहोचतात. मोठे फळ ते तोंडात धरून दुसऱ्या झाडावर नेते, रस चोखून चोथा थुंकते आणि बी तिथेच टाकते. जांभळाची बी बुलबुलाला झेपत नाही, ती अशी हलते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. अंधारात पिकलेले फळ त्याला प्रतिध्वनीवरून कळते का?

उत्तर २: नाही, हा समज कीटकभक्षी वटवाघळांवरून आला आहे, हे वटवाघूळ मुख्यतः वासावर आणि मोठ्या डोळ्यांवर विसंबते. आणखी एक फरक नोंदवतो: बुलबुल एका विणीत दोन-तीन अंडी घालतो व पिल्ले सुमारे दोन आठवड्यांत बाहेर येतात, तर वटवाघळाची मादी सुमारे चार महिन्यांच्या गर्भधारणेनंतर एकच पिल्लू देते. म्हणून फळबागेतील जाळ्यात अडकून मेलेल्या वटवाघळांची तूट भरून यायला अधिक काळ लागतो.