घरातल्या मोठ्यांना आधी कॉम्प्युटर शिकवा, मोबाईल नंतर. पटतंय का?

पिंपळपान

सरळ मुद्द्यावर येतो. आपल्याकडे पन्नाशी-साठीच्या माणसाला ऑनलाइन व्यवहार शिकवायचे म्हटलं की आपण काय करतो, हातात स्मार्टफोन देतो, व्हॉट्सअ‍ॅप टाकून देतो, यूपीआय चालू करून देतो आणि "सोप्पंय हो, शिकाल तुम्ही" म्हणून मोकळे. माझ्या मते हे उलटं चाललंय. आधी घरातल्या लॅपटॉपसमोर बसवा, महिनाभर रोज अर्धा तास, फाइल म्हणजे काय, फोल्डर म्हणजे काय, वेबसाइटचा पत्ता कसा वाचायचा एवढं होऊ द्या. मोबाईल मग.

कारण मोबाईलवर माणूस फक्त जागा पाठ करतो. हिरव्या गोलावर दाबायचं, मग खाली उजवीकडे, मग ओके. अपडेट आलं, बटण खालचं वर गेलं की सगळं अडलं. आमच्या बाबांनी १५ रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा स्वतः काढला, कुणाला न विचारता, आणि मग मला फोन, "पैसे गेले, सातबारा कुठाय?" सातबारा डाउनलोडमध्ये शांतपणे पडलेला. बाबा बिचारे परत परत काढत बसले, प्रत्येक वेळी नवीन प्रत, नावापुढे कंसात एक, कंसात दोन. त्यांना काढता येत नव्हता असं नाही, काढलेली वस्तू कुठे जाते हेच माहीत नव्हतं. कॉम्प्युटरवर ते डोळ्यांना दिसतं, मोबाईल मुद्दाम लपवतो.

आणि याचा संबंध फसवणुकीशीही आहे. ती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी लग्नपत्रिका किंवा आरटीओच्या चलनाची फाइल, नावाच्या शेवटी एपीके असलेली, ती पत्रिका नसून अ‍ॅप आहे आणि टाकलं तर तुमचे मेसेज वाचू शकतं, हे कळायला फाइल अनेक प्रकारच्या असतात हे आधी माहीत पाहिजे ना. "अनोळखी लिंक उघडू नका" एवढं सांगून काही होत नाही, पत्रिका बहुतेक वेळा ओळखीच्याच नंबरवरून येते, कारण त्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो.

बोला.

शेंगदाणा चटणी

अजिबात पटलं नाही. पहिली गोष्ट, "घरातला लॅपटॉप" म्हणजे कोणाच्या घरातला? आमच्याकडे माणदेशात दहा घरं फिरलात तर मोबाईल दहाही घरात सापडतील आणि लॅपटॉप एखाद्या मास्तरांकडे, तोही शाळेचा.

दुसरं म्हणजे कामं कुठली आहेत ते बघा की. ई-पीक पाहणी घ्या, म्हणजे शेतातल्या पिकाची नोंद आपणच अ‍ॅपवर करायची, १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली, ती मोबाईलवरच करायची, शेतात उभं राहून, कारण पिकाचा फोटो आणि जागेचं लोकेशन दोन्ही लागतं. लॅपटॉप काय बांधावर घेऊन जायचा काय? आमच्या चुलत्यांनी शाळा सातवीत सोडली, पण गट नंबर टाक, पीक निवड, क्षेत्र टाक, फोटो काढ हे सगळं ते आता करतात आणि आजूबाजूच्या चार जणांचं पण करून देतात. त्यांना आधी फोल्डर शिकवत बसलो असतो तर खरीप उलटून गेला असता. माणूस कामातून शिकतो भाऊ, धड्यातून नाही.

निवृत्त_लिपिक

धागाकर्त्याशी सहमत आहे. मी टाइपरायटरवरून कॉम्प्युटरवर आलेल्या पिढीतला. नोकरीत असताना एमएस-सीआयटी करणं भाग होतं म्हणून केलं, तोवर माउस हा प्रकार मी साहेबांच्या टेबलावर लांबूनच पाहिला होता. पण एकदा पाया झाल्यावर पुढचं काही अवघड गेलं नाही, विंडोज बदललं, ऑफिसची सॉफ्टवेअरं बदलली, मोबाईल आला, तरी नवीन वस्तू समोर आली की ही कुठे सेव्ह होते, मागे कसं जायचं, चुकलं तर अनडू कुठे, हे तीन प्रश्न विचारायची सवय लागली ती लागलीच. मोबाईलवर शिकलेल्या आमच्या सौ. ना दर नवीन अ‍ॅपसाठी पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं.

हात बसवायचा असेल तर पत्त्यांचा सॉलिटेअर खेळायला द्या, वेळ वाया जातो असं समजू नका. १९९० साली विंडोज ३.० बरोबर तो खेळ आला तेव्हा लोकांचा माउसवर हात बसावा हाच हेतू होता असं सांगतात. पान धरून ओढायचं आणि सोडायचं, ज्याला हे जमलं त्याला फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात टाकता आलीच.

उंडगी मांजर

पिंपळपान, तुमच्या एपीकेच्या मुद्द्यालाच सुरुंग लावते 🙂

विंडोजमध्ये फाइलच्या नावाची शेवटची अक्षरं मुळात दिसतच नाहीत. लपवलेली असतात, पहिल्यापासून. फाइल एक्स्प्लोररमध्ये व्ह्यू, मग शो, मग फाइल नेम एक्स्टेन्शन्सवर टिक केली तर दिसतात. तुमच्या लॅपटॉपवर ती टिक आहे का बघा आधी. नसेल तर "पत्रिका डॉट पीडीएफ" असं दिसणारी फाइल प्रत्यक्षात "पत्रिका डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई", म्हणजे प्रोग्रॅम, असू शकते आणि तुमचे बाबा विश्वासाने डबल क्लिक करणार.

उलट फोन या बाबतीत जास्त सांभाळून घेतो. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅप वेगळ्या कप्प्यात चालतं, दुसऱ्या अ‍ॅपचा डाटा सहज बघता येत नाही, मेसेज वाचायचे तर परवानगी मागावी लागते, आणि प्ले स्टोअरच्या बाहेरचं काही टाकायला गेलात तर मधे आडवा येऊन विचारतो. त्याला "हो हो" करत सुटलं की संपलं, ते मान्य. पण विंडोजवर साधा डाउनलोड केलेला प्रोग्रॅमसुद्धा तुमच्या सगळ्या फायलींना हात लावू शकतो. नवशिक्याला जास्त धोक्याच्या जागी आधी का बसवायचं?

पिंपळपान

@उंडगी मांजर, ती टिक मी करून ठेवलेली आहे, नवशिक्याला बसवायच्या आधी करायचीच असते. परवानगीचं म्हणाल तर तोच तर मुद्दा आहे माझा, फोन विचारतो पण काय विचारतोय हे ज्याला कळत नाही तो "अलाव"च दाबणार, कारण अलाव दाबल्याशिवाय पुढे जात नाही हे तो पहिल्या दिवशीच शिकलेला असतो. आपणच शिकवलेलं असतं.

@शेंगदाणा चटणी, ई-पीक पाहणीचं मान्य, ते मोबाईलचंच काम. पण तुमच्या चुलत्यांना पीक विम्याच्या नावाची खोटी साइट दिली तर ओळखतील का? पत्ता कसा वाचायचा ते कोणी सांगितलंय का? सुरुवातीचं एचटीटीपीएस आणि त्याच्या दोन तिरप्या रेघा सोडायच्या, त्यानंतर जी पहिली तिरपी रेघ येईल तिच्या लगेच आधी काय लिहिलंय ते बघायचं. तिथे गव्ह डॉट इन असेल तर सरकारी. गव्ह, महा, कृषी हे शब्द मधे कुठेतरी पेरलेले आणि शेवट डॉट कॉम, तर ती सरकारी साइट नव्हे. कॉम्प्युटरवर हे एका ओळीत दिसतं. मोबाईलवर लांब पत्ता असला की अर्धाच दिसतो आणि अ‍ॅपच्या आतून लिंक उघडली तर कधी कधी तोही नीट बघायला मिळत नाही.

आणि ते "पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की साइट सुरक्षित" असं अजूनही शिकवतात लोक! चोरांच्या साइटलाही कुलूप मिळतं, त्याचा अर्थ एवढाच की मधल्या मधे कोणी वाचू शकत नाही. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्हच बदलून टाकलं.

शेंगदाणा चटणी

पत्ता वाचायचं पटलं, सांगतो चुलत्यांना. पण हे तुम्ही आत्ता चार ओळीत सांगितलं ना? त्याला लॅपटॉप कुठे लागला?

सेविकेची लेक

माझी आई अंगणवाडी सेविका आहे त्यामुळे थोडं बोलते. पोषण ट्रॅकर, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदींचं सरकारी अ‍ॅप, २०२१ मध्ये आलं तेव्हाची तिची चिडचिड मी रोज बघितलीय. अ‍ॅप इंग्रजीत, सरकारने दिलेला मोबाईल मेमरी कमी असलेला, सारखा अडकायचा. त्या वर्षी राज्यात ठिकठिकाणी सेविकांनी ते मोबाईल परत केले होते, बातम्या आठवत असतील. तेव्हा सगळे काय म्हणत होते, यांना टेक्नॉलॉजी जमत नाही. जमत नव्हतं असं काही नाही. आई मुलांची वजनं उंच्या, गरोदर बायकांच्या नोंदी सगळं रजिस्टरात इतकं चोख ठेवायची की विचारू नका, तिला फक्त मराठीत विचारलेलं हवं होतं आणि न अडकणारा फोन हवा होता.

त्यामुळे मोबाईल आधी की कॉम्प्युटर आधी हा वाद मला थोडा शहरी वाटतो. आधी भाषा बदलून द्या. सेटिंगमध्ये जाऊन फोन मराठीत करून दिला की अर्धी भीती तिथेच जाते. आपण आपल्याला सवय आहे म्हणून आईवडिलांचा फोन पण इंग्रजीतच ठेवतो, आणि वर म्हणतो "त्यांना कळत नाही".

सरळमार्गी

भाषेच्या मुद्द्याला +१. त्यात एक भर. सरकारी योजनेतही म्हाताऱ्यांचा विचार कमीच. २०१७ ची प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान घ्या, गावातल्या प्रत्येक घरातून एक माणूस, वीस तासांचं प्रशिक्षण, कल्पना चांगलीच होती, पण वयाची अट १४ ते ६०. म्हणजे ज्याला पेन्शनसाठी हयातीचा दाखला ऑनलाइन करायचाय तोच बाहेर. आणि घरातला एक म्हटल्यावर बहुतेक घरातून कॉलेजातलं पोरगंच गेलं असणार, हा माझा अंदाज.

बाकी निवृत्त लिपिक काकांना नम्रपणे, तुम्ही नोकरीत रोज आठ तास कॉम्प्युटरवर बसायचात म्हणून पाया पक्का झाला. कोर्समुळे नाही. मी कोर्स केलेली कितीतरी मंडळी बघितलीत ज्यांना परीक्षेपुरतं मेल मर्ज येत होतं आणि आज साधा फोटो ५० केबीच्या आत कसा आणायचा ते विचारायला नेट कॅफेत जातात.

निवृत्त_लिपिक

सरळमार्गी, तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. सराव हवाच. पण सराव करायला काय करायचं ते माहीत हवं, ते कोर्सनेच दिलं. तसेच मोबाईलवर मराठी लिहिणारे आता बोलून लिहितात, माइकचं बटण दाबलं की झालं, मग विरामचिन्हं नाहीत, "मी काय म्हणतो" च्या जागी भलतंच काहीतरी येतं आणि तेच पुढे पाठवतात. इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी टायपिंगचा कीबोर्ड, शिकायला फार तर पंधरवडा लागतो. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, इतकी सरळ मांडणी आहे, आणि विंडोजमध्ये फुकट आहे.

उंडगी मांजर

काका, ज्यांना लिहिताच येत नाही नीट, ज्यांचं बोट थरथरतं, त्यांच्यासाठी ते माइकचं बटण हीच अख्खी क्रांती आहे. माझी आजी व्हॉइस टायपिंगने भावाला मेसेज पाठवते. विरामचिन्हं तो घालून वाचतो.

परदेशी_पाहुणा

मी न्यू जर्सीत, आईबाबा नाशकात. माझा अनुभव वेगळाच आहे, मला कॉम्प्युटर बरा वाटतो तो शिकणाऱ्यासाठी नाही तर शिकवणाऱ्यासाठी 😀 लॅपटॉपवर काही अडलं तर मी इथून त्यांची स्क्रीन उघडतो, बाण हलवून दाखवतो. फोनवर "वरती तीन टिंबं दिसतायत का?" "नाही." "उजवीकडे?" "तिथे बॅटरी आहे." असं पाऊण तास.

पण एक सांगून ठेवतो, स्क्रीन शेअर करायची सवय लावाल तर त्याच बरोबर हेही सांगा की फक्त माझ्याबरोबर करायची. बँकेतून बोलतोय म्हणणारा माणूस नेमकं असलंच स्क्रीन शेअरचं अ‍ॅप टाकायला लावतो. आणि यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही, हे आईने ठळक लिहून फ्रिजवर चिकटवलंय. खाली १९३०, सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर, पैसे गेलेच तर लगेच फोन करायला.

मावळती

इतका वेळ वाचत होते. तुम्ही सगळे ज्यांच्याबद्दल बोलताय त्यातली मी एक, वय ६७. लॅपटॉपही शिकते आहे आणि मोबाईलही, कोणतं आधी ते मला कोणी विचारलं नव्हतं, लेकाने जुना लॅपटॉप आणून ठेवला आणि नातीने मोबाईल.

मला दोन्हीपेक्षा त्रास झाला तो शिकवणाऱ्यांचा. "दे इकडे" म्हणून हातातून काढून घेतात, टकटक करतात आणि "झालं" म्हणून परत देतात. काय झालं? हात तुमचे पाठीमागे बांधून शिकवा, मग कुठलंही यंत्र चालेल. पासवर्ड वहीत लिहिते म्हणूनही ओरडतात. वही माझ्या कपाटात आहे, कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे, सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा ते बरं की नाही? एटीएमचा पिन मात्र लिहीत नाही.

एक अडचण कोणी सोडवली तर उपकार होतील. डबल क्लिक करताना माझा हात हलतो आणि फाइल उघडण्याऐवजी सरकते नाहीतर नाव बदलायचा चौकोन येतो.

निवृत्त_लिपिक

ताई, डबल क्लिक करूच नका. एकदा क्लिक करून फाइल निवडा आणि एंटर दाबा, उघडते. चौकोन आला तर एस्केप. आणि तरी करायचंच असेल तर कंट्रोल पॅनलमध्ये माउस उघडा, तिथे डबल क्लिक स्पीडची पट्टी आहे ती स्लोकडे ओढा, म्हणजे दोन क्लिकमध्ये थोडा वेळ गेला तरी चालतो. वहीबद्दल तुमच्याशी सहमत.

पिंपळपान

मावळतीताई, "दे इकडे" हे मला पण लागू आहे, पण बाबांनी अजून तक्रार केली नाहीये म्हणून मी काही मान्य करत नाही 😀 बाकी कॉम्प्युटर आधी या मतावर मी आहे तिथेच आहे.

शेंगदाणा चटणी

आणि आम्ही बांधावर.

मावळती

एंटरने उघडली! सॉलिटेअरही सापडला, पण मधे मधे जाहिराती येतात त्यात, पूर्वी यायच्या नाहीत म्हणे. आणि यूपीआय घ्या म्हणून मागे लागू नका कोणी. पासबुक भरायला बँकेत जाते, तिथे दोघी मैत्रिणी भेटतात, येताना भाजी आणते.