पहाडगंजचं दुसरं टोक

दिल्लीत मुक्काम कुठे करायचा विचारलं की उत्तर येतं, रेल्वे स्टेशनजवळच्या हॉटेलांच्या वस्तीत, पहाडगंजला राहा, विमानतळाची मेट्रो दारातच येते. अर्धंच खरं आहे. ती मेट्रो नवी दिल्ली रेल्वे स्टेशनच्या अजमेरी गेट बाजूला उतरवते आणि पहाडगंज पलीकडे, फलाट क्रमांक 1 च्या बाजूला. मधे 16 फलाट! आईला नि दोन बॅगांना घेऊन मी ते पार केलेत, वर "आपका होटल तो बंद हो गया" म्हणणारे दलाल वेगळेच. म्हणून आता नवी दिल्लीला बाहेर पडतच नाही. आतूनच पिवळी लाइन धरायची, राजीव चौकला निळी, पुढचंच स्टेशन रामकृष्ण आश्रम मार्ग. पहाडगंजच्या मेन बाजाराचं पश्चिमेकडचं टोक तिथून चालत जवळ. खोलीही त्याच टोकाला बघा.

थोडे पैसे जास्त असतील तर त्याच निळ्या लाइनवर आणखी दोन स्टेशनं पुढे करोल बाग. म्हातारी माणसं बरोबर असतील तर मी तेच सुचवेन, पण सोमवारी बाजार बंद असतो, खरेदी त्या दिवशी ठेवू नका. विमानतळाजवळची एरोसिटी मात्र पहाटेचं विमान असेल तरच. दिल्ली बघायला तिथे राहणं म्हणजे पैसे घालवून लांब राहणं.