चोरलकडे दोन रात्री कॅम्पिंग, पाण्यासाठी फिल्टर कोणता घ्यावा? (आई म्हणते जार घेऊन जा)

रामबागचा_भटक्या

नमस्कार मंडळी. आम्ही पाच जण, म्हणजे तीन ऑफिसातले, एक माझा भाऊ आणि एक मेहुणा जो कुठेही म्हटलं की तयारच असतो, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंदूरजवळच्या चोरलच्या जंगलात नाल्याकाठी दोन रात्री राहायला चाललोय. वनखात्याची परवानगी काढायचं भावाने अंगावर घेतलंय. गाडी सोडून पुढे सहा-सात किलोमीटर पायी आहे, आणि खरी अडचण तिथेच आहे, पाच माणसं, माणशी दिवसाला चार लिटर धरलं पिणं-स्वयंपाक मिळून, अडीच दिवस, म्हणजे ५० लिटर झालं की हो, पन्नास किलो कोण उचलणार? आईला वाटतंय आम्ही पातालपाणीच्या धबधब्यावर भजी खायला चाललोय.

ऑनलाईन बघायला बसलो तर डोकं गरगरलं. तोंडाने ओढायची नळी, पिळायची पिशवी, झाडाला टांगायचा, पंपाचा, लाईटचा. भोकाचं माप कुणी ०.१ मायक्रॉन लिहितो कुणी ०.२, आणि ९९.९९ टक्के तर सगळेच लिहितात. मे महिन्यात हिमालयातल्या हर की दून ट्रेकचं पण ठरतंय तर दोन्हीकडे चालेल असं एकच काहीतरी घ्यायचंय. आणि अजून एक, टीडीएस मीटर सोबत नेलं तर पाणी चांगलं की वाईट ते कळेल ना? घरी आरओ बसवायला आला होता त्या माणसाने त्याच मीटरने आईला घाबरवून सोडलं होतं.

सॅकवाली

दादा, टीडीएस मीटर घरीच ठेवा. ते फक्त विरघळलेले क्षार मोजतं. नाल्यात म्हैस बसलेली असली तरी मीटर १५० दाखवेल आणि तुम्ही खुश, आणि इथल्या बोअरिंगचं पाणी जे लोक वर्षानुवर्षं पितात ते ८०० दाखवेल. जंतू त्यात दिसतच नाहीत. ट्रेकचा फिल्टर क्षार काढत नाही त्यामुळे फिल्टरच्या आधी आणि नंतर आकडा तोच येतो, मग लोक म्हणतात फिल्टर नकली निघाला, असं होऊ देऊ नका.

आता मूळ गोष्ट. फिल्टर कोणता हे नंतर, आधी हे बघा की तुमच्या नाल्याच्या वरच्या अंगाला काय आहे. हिमालयात उंचावर वर बर्फ असतं आणि फार तर मेंढ्या. आपल्याकडे माळव्यात-निमाडात कुठल्याही नाल्याच्या वर एक तरी पाडा, गुरं आणि सकाळी डबा घेऊन जाणारी माणसं असतातच. माणसाची घाण आली की त्यात व्हायरस आले, कावीळवाला हेपेटायटिस ए, रोटा वगैरे. आणि इथेच जाहिराती गप्प बसतात. पोट बिघडवणारे परजीवी, जिआर्डिया साधारण ८ ते १२ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), क्रिप्टोस्पोरिडियम म्हणजे क्रिप्टो ४ ते ६, बॅक्टेरिया अर्ध्या मायक्रॉनपासून पुढे, हे सगळे ०.१ किंवा ०.२ च्या भोकात अडकतात. हेपेटायटिस ए चा व्हायरस ०.०३ मायक्रॉनच्या आसपास, तो त्या भोकातून आरामात चालत जातो. सॉयर स्क्वीझ, काटाडिन बीफ्री, लाइफस्ट्रॉच्या नळ्या, चांगल्या आहेत सगळ्या, पण नुसत्या व्हायरस थांबवत नाहीत.

म्हणून मी दोन गोष्टी नेते, ०.१ चा पिळायचा फिल्टर आणि क्लोरीनच्या गोळ्या. क्लोरीन व्हायरस आणि बॅक्टेरिया मारतं पण क्रिप्टोला त्याचं काही वाटत नाही, आणि क्रिप्टो फिल्टरमध्ये अडकतो. एकाचं भोक दुसरा बुजवतो. आधी फिल्टर, मग गोळी, मग अर्धा तास थांबायचं, पाणी गार असेल तर आणखी थोडं. उलट क्रमाने केलं तर गढूळ पाण्यातला गाळच क्लोरीन खाऊन टाकतो.

गोळी घेताना पाकिटावर ती किती लिटरची आहे ते वाचा प्लीज. माझ्या नवऱ्याने २० लिटरवाली गोळी एक लिटरच्या बाटलीत टाकली होती, झाकण उघडलं तर नेहरू पार्कच्या स्विमिंग पूलचा वास.

परिक्रमावासी_काका

बाळांनो एवढा खर्च कशाला. आम्ही नर्मदा परिक्रमेत मैयाचं पाणी ओंजळीने प्यायलो, काही झालं नाही. फार तर जुन्या सुती लुगड्याची चौघडी करून गाळा, तुरटीचा खडा फिरवा, उकळा, झालं. आमच्या आईने सगळी हयात असंच पाणी भरलं.

सॅकवाली

काका नमस्कार, तुमचं म्हणणं अर्धं अगदी बरोबर आहे. लुगड्यावर तर बांगलादेशात खेड्यांमधून अभ्यास झालाय, २००३ साली छापून आला, जुनी साडी चार पदरी की आठ पदरी घडी करून पाणी गाळलं तर कॉलरा जवळजवळ निम्म्यावर आला. कॉलऱ्याचा जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून राहतो आणि ते किडे कापडात अडकतात. आणि साडी जुनीच पाहिजे बरं का, धुवून धुवून सूत फुगतं आणि विण घट्ट होते. पण निम्म्यावर आला म्हणजे निम्मा राहिला की! सुटे जंतू त्यातून जातात. मैयावर श्रद्धा आहेच, भीती काठावरच्या नाल्यांची आहे.

उकळण्याला मात्र तोड नाही. खळखळ उकळी एक मिनिट, आणि दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं, कारण तिथे पाणी शंभरच्या आधीच उकळतं. हर की दून साडेतीन हजारावर आहे, तिथे ८८ अंशांच्या आसपासच उकळी फुटते, तरी तीन मिनिटं पुरतात. उकळलं की व्हायरस, बॅक्टेरिया, क्रिप्टो सगळे संपले. फक्त ५० लिटर उकळायला गॅस किती लागेल ते बघा, आणि जंगलात लाकडं पेटवायची नाहीत. भाजी-चहाचं पाणी तसंही उकळतंच, त्याला वेगळं फिल्टर करत बसू नका.

रामबागचा_भटक्या

वा ताई, एवढं तर यूट्यूबवर अकरा व्हिडिओ बघून कळलं नव्हतं. पण मग नळीवाला का नको? सगळ्यात स्वस्त तोच दिसतोय, पाच जणांना पाच घेता येतील. आणि लाईटवाला?

सराफा_रात्री_बारा

नळी नको रे भिया. मी आणली होती. पाणी प्यायला नाल्याकाठी पालथं पडावं लागतं वासरासारखं, आणि तंबूत परत आलास की तहान परत, कारण ती नळी बाटली भरून देत नाही. कुकरमध्ये तांदूळ टाकायचे तर काय तोंडाने ओढून थुंकणार का?

लाईटचा म्हणजे यूव्ही, तो व्हायरस पण मारतो हे खरं, लिटरला दीडेक मिनिट फिरवत बसायचं, पण पाणी आरशासारखं पाहिजे. गढूळ असलं की जंतू गाळाच्या सावलीत लपतात. आणि बॅटरी गेली की हातात काठी राहिली.

माझी कहाणी ऐक आता. दोन वर्षांपूर्वी पचमढीच्या बाजूला गेलो, एका नाल्याचं पाणी इतकं स्वच्छ की तळातले गोटे मोजून घ्या. प्यायलो तसंच. घरी आलो, ठणठणीत. आठ-नऊ दिवसांनी पोट फुगायला लागलं, आणि ढेकर असे की बायको दुसऱ्या खोलीत झोपायला गेली, सडक्या अंड्याचा वास हो. मी सगळा दोष सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीतल्या गराडूला (तळलेला कंद असतो तो) दिला, गराडू सोडला, भुट्ट्याचा कीस सोडला, शेवटी दही-पोह्यावर आलो. डॉक्टरांनी तपासणी करायला लावली तर जिआर्डिया. त्यांनी विचारलं पंधरा दिवसांत कुठे बाहेरचं पाणी प्यायलात का, तेव्हा डोक्यात उजेड पडला. तो पोटात गेल्यावर एक-दोन आठवड्यांनी उठतो म्हणून कुणी ट्रिपशी जोडतच नाही. बिचारा गराडू.

रामबागचा_भटक्या

हाहा. गराडूची माफी मागितली का मग?

बडोद्याची_सॅक

मी बडोद्याला असते पण माहेर इंदूरचं, लोकमान्य नगर, म्हणून बोलते. फिल्टर घेणं सोपं आहे, सांभाळणं कठीण. वरती सांगितलेल्या ०.१ वाल्या फिल्टरमध्ये आत बारीक बारीक पोकळ नळ्यांचा गुच्छ असतो, पाणी त्यांच्या भिंतींतून झिरपतं. एकदा ओला झाला की त्यात पाणी कायमच राहतं, कितीही झटका. ते पाणी गोठलं की नळ्या फाटतात आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही, उलट पाणी भराभरा येतं आणि आपल्याला वाटतं वा काय छान चालतोय! हर की दूनला मे महिन्यात पण रात्री पारा शून्याला टेकू शकतो, तेव्हा रात्री फिल्टर छोट्या झिप पिशवीत घालून स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी. माझ्या एका मैत्रिणीने तो तंबूच्या बाहेर दोरीला टांगला होता, वाळायला. आणि दगडावर जोरात पडला तरी तोच धोका.

शंका असेल तर एक तपासणी घरी करता येते. फिल्टर पूर्ण ओला करा आणि तोंडाने फुंकून बघा. ओल्या नळ्यांतून हवा जात नाही, ती भोकं इतकी बारीक असतात की पाणी त्यांना धरून बसतं. सहज बुडबुडे निघाले तर समजा आत फाटलाय, टाकून द्या. मात्र फुंकल्यावर स्वच्छ पाण्याने आणि चिमूटभर क्लोरीनच्या पाण्याने धुवा, आपल्या तोंडात काय कमी जंतू असतात?

उलटं धुणं म्हणजे बॅकवॉश, सोबत मिळालेल्या सिरिंजने स्वच्छ बाजूकडून पाणी जोरात सोडायचं. फिल्टर केलेलंच पाणी वापरा, नाल्याचं वापरलं तर तुम्ही स्वतःच घाण चांगल्या बाजूला भरली. आणि इंदूरकरांसाठी खास, घरी आल्यावर बोअरिंगच्या पाण्याने धुवून कपाटात टाकू नका. ते जड पाणी आत वाळलं की खडूसारखा थर बसतो आणि पुढच्या वर्षी थेंब येत नाही. नर्मदेच्या नळाचं घ्या किंवा आरओचं. थर बसलाच तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवून मग धुवा, माझा जुना फिल्टर असाच परत जिवंत झाला.

सॅकवाली

बडोदावाल्या ताईंना पूर्ण अनुमोदन. दोन गोष्टी सुटल्या.

दिवाळीनंतर आपल्याकडचे नाले वाहायचे थांबतात आणि नुसते डोह उरतात. डोहाचं पाणी वरच्या थरातून घ्या, तळ ढवळू नका. बादली नसेल तर एका जुन्या बाटलीत भरून ठेवा, तुरटी दोन-तीनदा फिरवा, तासाभराने वरचं निवळ ओतून घ्या आणि ते काकांच्या लुगड्यातून गाळा (बघा काका, लुगडं आलंच!). मग फिल्टर. असं केलं नाही तर दहा लिटरनंतर फिल्टर चोंदतो आणि पिळून पिळून पिशवी फाटते. पाच जणांना खरं म्हणजे टांगायचा बरा, पिशवी झाडाला लटकवली की तुम्ही पत्ते खेळा.

आणि कुठलाच साधा फिल्टर कीटकनाशक किंवा कारखान्याचं रसायन काढत नाही. सोयाबीनच्या शेताखालचा ओहोळ, पीथमपूरकडचे नाले, आणि आपली खान नदी तर सोडाच, तिथून घ्यायचंच नाही. गोळी टाकून पण नाही.

पोट बिघडतं त्यात पाण्याइतकाच हातांचा पण वाटा असतो हो. घाण पाण्याची पिशवी ज्या हाताने धरली त्याच हाताने स्वच्छ बाटलीचं तोंड पुसतात लोक. साबण न्या. संडासला पाण्यापासून साठ-सत्तर पावलं तरी लांब, खड्डा करून. ओआरएसची चार पाकिटं न्या, लागली नाहीत तर मेहुण्याला पाजा.

रामबागचा_भटक्या

मंडळी, परवा रात्री परतलो. रिपोर्ट देतो.

पाचांत वर्गणी काढून एक टांगायचा घेतला ०.१ चा, गोळ्या घेतल्या, तुरटी आईने डब्यात घालून दिली (जारचा विषय एकदाचा मिटला), आणि आजीच्या एका जुन्या नऊवारीचा तुकडा. नाला खरंच वाहत नव्हता, दोन डोह होते, वरच्या डोहाजवळ शेणाचे पो दिसले म्हणून अजून पाऊण किलोमीटर वर चढलो, सगळ्यांनी मला शिव्या दिल्या. पहिल्या दिवशी धार मस्त. दुसऱ्या दिवशी सकाळी थेंब थेंब, कारण ऑफिसातल्या एकाला घाई होती आणि त्याने तुरटी न फिरवता थेट डोहातलं भरलं. बॅकवॉश करायला गेलो तर सिरिंज नाही! ती मेहुण्याकडे दिली होती आणि त्याने ती "औषधाची वाटली" म्हणून फर्स्ट एडच्या डब्यात टाकून डबा गाडीत ठेवला. शेवटी एका मऊ बाटलीत फिल्टर केलेलं पाणी घेऊन तिचं तोंड फिल्टरच्या बाहेरच्या टोकाला घट्ट दाबून पिळलं, चौथ्या वेळी पिवळा गाळ बाहेर आला आणि धार परत सुरू झाली.

गोळीच्या वासाची मेहुण्याने फार कटकट केली, तर अर्धा तास झाल्यावर लिंबू पिळलं, वास बराच गेला. आधी पिळू नका मात्र, लिंबातलं क जीवनसत्त्व क्लोरीनला मारून टाकतं आणि मग गोळी फुकट.

येताना कालाकुंडला थांबून कलाकंद घेतला. आज तिसरा दिवस, पोटं ठीक आहेत, पण सराफा_रात्री_बारा दादांचं वाचल्यापासून मी पंधरा दिवस कॅलेंडरवर खुणा करतोय. आणि एक प्रश्न राहिलाच, घरी फिल्टर धुतला नर्मदेच्या पाण्याने, पण तो वाळत काही नाही, चार दिवस पंख्याखाली ठेवला तर चालेल ना?

बडोद्याची_सॅक

पूर्ण वाळणार नाही तो, वाट बघू नकोस. थोड्या क्लोरीनच्या पाण्याने शेवटचा बॅकवॉश कर, झटक, सावलीत आठवडाभर उघडा ठेव आणि मग कापडी पिशवीत. मे महिन्यात निघायच्या आदल्या रात्री कोमट पाण्यात भिजत घालून फुंकून बघायला विसरू नको. आणि सिरिंजवर मार्करने फिल्टर लिही.