शिफ्ट-डिलीटने उडालेला कुलवृत्तांत परत मिळेल का?

निवृत्त_गुरुजी
नमस्कार मंडळी. सुनेच्या मोबाईलवर बोलून टाईप करतोय, तेव्हा शुद्धलेखन पदरात घ्या. (जन्मभर पोरांच्या ऱ्हस्व-दीर्घावर लाल शाई ओतली, आज माझी पाळी.)

झालं असं की घरच्या डेस्कटॉपवर डी ड्राइव्हची पट्टी लाल झाली. सुट्टीला आलेल्या नातवाला गेम टाकायचा होता, जागा पुरेना. 'जुने' नावाचा फोल्डर दिसला. जुन्या प्रश्नपत्रिका, निवडणूक ड्यूटीचे कागद, असला पालापाचोळा असणार असं धरून चाललो आणि शिफ्ट दाबून डिलीट मारलं. रीसायकल बिनमध्ये अडगळ नको म्हणून शिफ्ट. हे शहाणपण माझंच, नातवाचं नाही.

रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं, 'जुने'च्या पोटात 'कुळ' होतं. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत. ११ वर्षांचं काम, वर्डच्या ६३ फायली, एकेका शाखेची एक. कोण बडोद्याला गेलं, कोण दत्तक गेलं, कुणाची सोयरीक कुठे झाली, सगळं पत्रं धाडून आणि कुलदैवताच्या उत्सवात म्हाताऱ्यांना गाठून जमवलेलं. त्यातले निम्मे म्हातारे आता नाहीत.

शेजारचा मुलगा म्हणतो, रिकव्हरीचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या. घेऊ का?

आळशी_बोका
गुरुजी, काहीही उतरवू नका. कॉम्प्युटर बंद करा आणि परत चालू करू नका. एवढंच सांगा: हार्ड डिस्क आहे की एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवाली डिस्क)? आणि डिलीट केल्यानंतर त्यावर काय काय केलंत?

निवृत्त_गुरुजी
बंद केला. २०१२ साली जुळवून घेतलेला आहे, ५०० जीबी. चालू करताना घरघरतो, म्हणजे हार्ड डिस्कच ना? नंतर काय केलं म्हणाल तर… ज्याच्यासाठी जागा केली तो गेम टाकला. १८ जीबी. नातू कालपासून जेवत नाहीये नीट.

खटपट्या
माझ्याकडे एका भारी सॉफ्टवेअरचं क्रॅक आहे. व्यनि (खाजगी निरोप) करा, लिंक देतो.

आळशी_बोका
खटपट्या, तुझ्या क्रॅकबरोबर आणखी काय काय घरात शिरेल ते तुलाही ठाऊक नाही. राहू दे.

गुरुजी, घरघर ही चांगली बातमी. एसएसडी असती तर विंडोज डिलीटबरोबर 'ट्रिम'चा आदेशही देतं, आणि मग डिस्क तो भाग स्वतःच साफ करून टाकते. तिथे सहसा हात टेकावे लागतात. हार्ड डिस्कचं तसं नाही. सातबाऱ्यावरून नाव उडालं, पण जमीन जागच्या जागी आहे, असं समजा. फक्त आता ती पडीक दिसते, कुणीही येऊन घर बांधावं. तुमच्या गेमने १८ जीबीचं घर बांधलंय. नेमकं कुणाच्या वावरात, ते पाहिल्याशिवाय कळणार नाही. नातवाला जेवायला घाला.

कुणाकडून तरी डिस्क काढून घ्या आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला जादा डिस्क म्हणून जोडा. डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबी वायरवर चालत नाही, वेगळा अडॅप्टर लागतो. 'कट-कट' असा आवाज आला तर तिथेच थांबा, मग ते घरचं काम नव्हे.

आधी रेक्युव्हा नावाचं रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर टाकून चालवा. ते विंडोजच्याच नोंदी वाचतं, त्यामुळे फायली नावानिशी मिळतात. फाईल शाबूत असल्याचं सांगणाऱ्या हिरव्या ठिपक्यावर भाळू नका, प्रत्येक फाईल उघडून बघा. उरलेल्यांसाठी फोटोरेक. नाव फोटोंचं असलं तरी वर्डच्या फायलीही काढतं, फुकट आहे. ते नोंदी बघतच नाही. अख्खी डिस्क चाळून, फाईलची सुरुवात कशी असते त्या खुणेवरून ओळखतं. म्हणून नावं जातात. मिळालेलं सगळं दुसऱ्याच डिस्कवर साठवायचं. त्याच डिस्कवर साठवलंत तर उरलेल्या वावरातही तुम्हीच बांधकाम कराल.

माहेरवाशीण
गुरुजी, यातलं काही कुणाला ईमेल केलं होतं का कधी? 'पाठवलेले'मध्ये शोधा. माझ्या नवऱ्याचा अख्खा प्रबंध असाच गाईडच्या मेलमध्ये सापडला होता.

निवृत्त_गुरुजी
चार दिवसांनी लिहितोय. पुतण्याने डिस्क काढून त्याच्या कॉम्प्युटरमध्ये जोडली. (तालुक्याच्या एका दुकानात आधी विचारलं होतं. त्याने डिस्क न बघताच १२,००० सांगितले.)

रेक्युव्हात ६३ पैकी ५२ नावं दिसली. त्यातल्या १४ फायली वर्ड उघडेचना. मग फोटोरेक रात्रभर लावलं. सकाळी बघतो तर वर्डच्याच २,७०० च्या वर फायली, नाव म्हणजे एक एफ आणि पुढे आकडेच आकडे. जन्मात केलेलं सगळं टायपिंग वर आलं.

आणि आता खरं दुःख. ज्या उघडतात त्यासुद्धा खराब आहेत. मराठीचं एक अक्षर नाही. इंग्रजी अक्षरं, मध्येच कंस, मध्येच डॉलरचं चिन्ह. तक्ते जागेवर आहेत, ओळी जागेवर आहेत, माणसंच नाहीत. बहुतेक विषय संपला. तुम्ही सगळ्यांनी वेळ दिलात, आभार.

डीटीपीवाली_मावशी
थांबा थांबा! मी २० वर्षं लग्नपत्रिका लावतेय, हे रोज बघते. गुरुजी, तुम्ही श्रीलिपीत टाईप करत होतात का?

निवृत्त_गुरुजी
हो. शाळेत तेच शिकवलं होतं.

डीटीपीवाली_मावशी
मग फायलींना धाडही भरलेली नाही. श्रीलिपीचे ते जुने फॉन्ट युनिकोडचे नव्हेत, युनिकोडात मराठी अक्षरांना स्वतःचे क्रमांक असतात. यांत आत साठायचे इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक, आणि वर मराठीचा मुखवटा चढवायचं काम फॉन्ट करायचा. पुतण्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही, म्हणून मुखवटा उतरलाय. फॉन्ट कुठे शोधू नका, तुमच्याच डिस्कवर सी ड्राइव्हच्या विंडोजमध्ये 'फॉन्ट्स' फोल्डर आहे, तिथून कॉपी करून घ्या. नुसतं वाचायला तेवढं पुरतं. आणि तोवर त्या फायली उघडून सेव्ह करू नका, कुठलाही कन्व्हर्टर चालवू नका!

त्या २,७०० चा ढीग उपसत बसू नका. फोल्डरमध्ये 'लेखक' हा रकाना लावा. वर्ड फाईलच्या पोटात टाईप करणाऱ्याचं नाव ठेवतं, फाईलचं नाव गेलं तरी ते राहतं.

निवृत्त_गुरुजी
मावशी, तुमचे पाय कुठे आहेत?

फॉन्ट टाकला, फाईल उघडली, आणि पहिलंच पान धाकट्या पातीचं, आमच्या काशीआत्याचं. 'विवाहानंतर नाव रमाबाई, चार पुत्र, दोन कन्या.' पुतण्या म्हणाला, काका रडताय काय, खाली स्क्रोल करा.

हिशेब असा: ३८ नावानिशी, १६ फोटोरेकमधून. ९ गेमच्या घराखाली गेल्या. माहेरवाशीणताईंच्या सांगण्यावरून मेल धुंडाळला. बडोद्याच्या चुलतभावाला २०१९ मध्ये तपासायला पीडीएफ पाठवली होती, तीत त्यातल्या ६ शाखा आहेत. पीडीएफमध्ये मुखवटा शाबूत आहे! तीन शाखा राहिल्या, त्या पुन्हा विचारत फिरायचं. एका शाखेत विचारायला फक्त एक आजी उरल्यात, ९१ वर्षांच्या. परवाच निघतोय.

त्या ढिगात २०१४ ची माझी इयत्ता सातवीची मराठीची प्रश्नपत्रिकाही निघाली. नातवाला सोडवायला बसवलंय. जेवण व्यवस्थित चालू आहे.