शब्दचर्चा : अस्थिमज्जा आणि मज्जारज्जू, दोन्हीकडची 'मज्जा' एकच का?

प्रश्न
नात्यातल्या एका मुलासाठी बोन मॅरो द्यायचं चाललंय. मराठी माहितीपत्रकात 'अस्थिमज्जा' छापलंय आणि तिथेच घोडं अडलं. काकांचं म्हणणं, "मज्जा काढली की मज्जारज्जू गेला. देणारा कायमचा अंथरुणाला खिळेल." दोन्ही एकच का? नसेल, तर शब्द एकच कसा?

प्रतिसाद १
अजिबात एक नाही. अस्थिमज्जा हाडाच्या पोकळीत आणि आतल्या जाळीदार भागात असते. मटणाच्या नळीतून आपण ठोकून काढतो तीच. लहानपणी जवळजवळ सगळ्या हाडांत लाल मज्जा असते आणि ती रक्तातल्या तांबड्या, पांढऱ्या पेशी व प्लेटलेट्स बनवते. वय वाढतं तशी हातापायांच्या लांब हाडांत बहुतेक ठिकाणी पिवळी, चरबीची मज्जा येते. मग रक्त बनवायचं काम मुख्यतः कमरेचं हाड, छातीचं मधलं हाड, बरगड्या आणि मणके यांच्याकडे राहतं.

दात्याला भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून सुईने मज्जा काढतात; ती काही आठवड्यांत भरून येते. हल्ली तर बऱ्याचदा हाडाला हात लावावाच लागत नाही. काही दिवस इंजेक्शनं देऊन मूळपेशी (ज्यांच्यापासून रक्तपेशी बनतात त्या) रक्तात उतरवतात आणि हाताच्या शिरेतून गोळा करतात.

मज्जारज्जू म्हणजे मेंदू आणि शरीर यांच्यात निरोपांची ने-आण करणारा दोर; तो मणक्यांच्या कड्यांमधून खाली येतो आणि मोठ्या माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई जाते ती त्याच्या खाली, तीही कण्याच्या बाजूच्या हाडात. काकांना ही जागा बोट ठेवून दाखवा.

प्रतिसाद २
> शब्द एकच कसा?

हा घोळ एकट्या मराठीचा नाही. लॅटिनमध्ये दोन्ही 'मेडुला'. जर्मनमध्ये हाडातला 'मार्क' आणि पाठीतलाही 'मार्क'च. कठीण हाडाच्या आत मऊ गर दिसला, त्याला एक नाव मिळालं. आयुर्वेदाच्या सप्तधातूंत अस्थीनंतर मज्जा येते ती हाडातलीच. मज्जातंतू, मज्जासंस्था हे अलीकडचं पारिभाषिक जोडकाम, आणि माझ्या मते फसलेलं.

प्रतिसाद ३
म्हणून तर पाठ्यपुस्तकांत आता चेतासंस्था, मेरुरज्जू असे शब्द आहेत. पण नातू 'चेतासंस्था' पाठ करतो आणि आजोबा 'मज्जातंतू'च म्हणतात. काकांपुढे सरळ 'हाडातला मगज' म्हणा, झालं.

प्रतिसाद ४
मगज नको हो! मगज म्हणजे मेंदूसुद्धा. पाठीच्या भीतीतून सोडवून काकांना थेट डोक्याच्या भीतीत घालाल. 'नळीतलं असतं ते' हेच बरं. आणि 'अस्थी'सुद्धा जपून. दवाखान्यात अस्थिरोगतज्ज्ञ, अस्थिभंग ठीक, पण घरात नुसतं 'अस्थी' म्हटलं की लोकांना नाशिकचं रामकुंड आठवतं. जिवंत माणसाला हाडंच असू द्यावीत.

प्रतिसाद ५
थोडं अवांतर, पण कण्याचा विषय निघालाच आहे म्हणून. "मणक्यात गॅप पडलाय" हे सगळीकडे ऐकू येतं. ऐकणाऱ्याला वाटतं, दोन मणके एकमेकांपासून लांब गेले. बहुतेक वेळा असतं उलटंच. मधली गादी झिजून पातळ होते आणि मणके जवळ येतात, म्हणजे गॅप कमी होतो! मग कुणी पट्टा आवळून 'गॅप बुजवायला' बघतं. 'गादी' हा शब्द मात्र चपखल आहे. मऊ, दाब झेलणारी, वापरून बसकी होणारी. 'गादी झिजलीये' म्हटलं तर रुग्णाला नेमकं कळेल.

प्रतिसाद ६
'गादी सरकली' हेही चालतं, पण सबंध गादी सरकत नाही. बाहेरचं कडं फाटून आतला मऊ भाग फुगतो किंवा बाहेर येतो आणि शेजारच्या नसेवर दाबतो. तेव्हा पायात कळ जाते. आता ही 'नस' म्हणजे मज्जातंतू, रक्ताची शीर की स्नायूची दोरी, यावर वेगळा धागा काढा. आमच्याकडे तिन्हींना नसच म्हणतात.