कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन करावी का? माझं मत: नाही

राजापूरकर (धागाकर्ता):
मे २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विलीनीकरणाला संमती दिली. गोवा, कर्नाटक आणि केरळ आधीच तयार होते. ‘कोकण रेल्वे’ हे नाव राहावं आणि राज्याने भांडवलात घातलेले सुमारे ३९६ कोटी परत मिळावेत, या आपल्या अटी. गावात बहुतेक जण खूश आहेत. मला हे पटत नाही.

१९९० साली अर्थमंत्री होते मधु दंडवते, आमचेच खासदार. रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस. रेल्वेच्या नेहमीच्या तरतुदीतून ही लाईन कधी झाली असती कोण जाणे, म्हणून वेगळी कंपनी काढली. केंद्र ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ ६-६. उरलेला पैसा मुख्यतः करमुक्त रोख्यांतून. आंब्याचे पैसे हातात आल्यावर बाबांनीही थोडे रोखे घेतले होते. तो कागद ट्रंकेत, सातबाऱ्याच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत असायचा. आमच्या पावसात कागदाला बुरशी लागते ना. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या. निर्णय बेलापूरला, कंपनीच्या मुख्यालयात होत होते, दिल्लीला फाईल फिरत नव्हती, म्हणून एवढे बोगदे आणि पूल त्या मुदतीत झाले. ती कंपनीच आता मोडायची?

सीए चिपळूण:
बांधणी झपाट्याने झाली, हे शंभर टक्के मान्य. पण ताळेबंद बघा. सुरुवातीचं भांडवल ८०० कोटी, खर्च साडेतीन हजार कोटींच्या घरात. मधली सगळी दरी कर्जाची. डोंगर फोडून काढलेली, मालवाहतूक बेताची असलेली लाईन एवढं व्याज पेलणार कशी? शेवटी रेल्वे मंत्रालयानेच हात दिला आणि ते कर्ज पुढे प्रेफरन्स शेअरमध्ये, म्हणजे एका खास प्रकारच्या भागभांडवलात, बदललं.

तुमच्या वडिलांना मिळालेलं व्याज करमुक्त होतं. तो कर सरकारने सोडला, म्हणजे अनुदान होतंच, फक्त अर्थसंकल्पात खर्च म्हणून दिसलं नाही. उरलेला भार आपल्यावर पडला. या मार्गावर भाडं आकारताना प्रत्यक्षापेक्षा जास्त किलोमीटर धरतात. घाटावर रूळ टाकले की खर्च देशाचा, कोकणात टाकले की खर्च कोकण्याच्या तिकिटावर. हा अन्याय आहे आणि तो कंपनी केल्यामुळेच झाला.

वेंगुर्ल्याची:
माका रोखे नि प्रेफरन्स कळणत नाय. गणपतीक सावंतवाडी रोडाक उतारतय तेवा गाडी तीन तास लेट. कित्याक? सिंगल लाईन. समोरची गाडी येयसर आमी क्रॉसिंगाक उभे, पोरां रडतत, पाणी संपलेला. रोहा ते वीर डबल झाली २०२१ त. फुडे काय? जो पैशे देतलो तेका लाईन देवा.

गस्तीवाल्याचा मुलगा, खेड:
वडील पावसाळी गस्तीवर होते. रात्री दिवा, शिट्टी आणि काठी घेऊन आपला टप्पा पायी करायचा. डोंगराच्या अंगावरून पाणी स्वच्छ येतं तोवर ठीक. तेच लाल, मातकट झालं की ते थांबून वर बघायचे. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ दरडीवर गाडी गेली, पुढच्याच वर्षी १६ जूनला महाडजवळ आंबवलीला पुन्हा तेच झालं. त्यानंतर उतार कमी केले, जाळ्या मारल्या, पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक कडक पाळलं. इथल्या कटिंगचा, म्हणजे डोंगर कापून काढलेल्या वाटेचा, कण न् कण माहीत असलेली माणसं या एका लाईनीवर आहेत. मोठ्या झोनमध्ये आम्ही शेपटाला जाऊ आणि ही माणसं बदलीवर भुसावळला. मी राजापूरकरांच्या बाजूने.

सीए चिपळूण:
बदल्यांची भीती खरी आहे, ती अटींत यायला हवी होती. पण जाळ्यांनाही पैसा लागतो. दुहेरीकरणाचे हजारो कोटी ही कंपनी कुठून उभे करणार? पुन्हा रोखे काढायचे?

राजापूरकर:
किलोमीटरचा मुद्दा मी सोडतो, तिथे तुम्ही बरोबर आहात. पण सत्तेचं काय? आज आपल्या हिश्श्याच्या जोरावर राज्याचा माणूस संचालक मंडळावर बसतो. उद्या ती खुर्चीच नाही. २०१७ पासून रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्पही नाही, कामांच्या यादीत आपण एक ओळ. नाव राखलं म्हणून खूश होणारे आपण, या लाईनीचा जमाखर्च वेगळा छापा ही अट कुणीच घातली नाही.

सीए चिपळूण:
ती अट मीही घातली असती. आणि ते ३९६ कोटी परत घेण्याऐवजी वीरच्या पुढे दुसऱ्या रुळाला लावा म्हटलं असतं.

वेंगुर्ल्याची:
ह्या पटला. पण लिवन कोण देतलो?